थापाड्या जोकिमदादा

मस्कतमधल्या रुवीच्या चर्चच्या फादरांनी मला बोलावून घेतलं तेव्हा मला वाटलं, हॉलचा एसी बिघडला असेल. मी इथल्या गाला भागातल्या एका रेफ्रिजरेशन कंपनीत स्टोअर सांभाळतो, आणि त्या आवारातले लोक मला ओळखतात ते बहुतेक त्याच कारणानं. पण फादरांनी खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाले, जोकिम मच्याडोबद्दल तुम्हाला जे आठवतं ते लिहून द्या. वसईहून त्यांच्याकडे विचारणा झाली होती. जोकिमदादानं धर्मासाठी जीव दिला असं तिकडच्या लोकांचं म्हणणं होतं, आणि असं कुणी गेलं की त्याला जवळून ओळखणाऱ्यांकडून लिहून घेतात म्हणे. मी हिंदू आहे याची त्यांना अडचण नव्हती. पाच वर्षं एका खोलीत राहिलो होतो, एवढं त्यांना पुरे होतं.

मी म्हटलं, "फादर, एक सांगू का? तो फार थापा मारायचा."

फादर मराठी मुलखातलेच. चहाचा कप माझ्याकडे सरकवत म्हणाले, "तेही लिहा."

त्यांना दिलेला कागद दीड पानाचा होता. चर्चच्या कागदावर लिहायचं म्हणून माझा हात आखडला. त्यात न मावलेला जोकिमदादा इथे लिहून ठेवतो.

आम्ही रुवीत हाय स्ट्रीटच्या मागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर राहायचो. खोलीत चार खाटा. दोघे जण येत-जात, बदलत राहिले. जोकिमदादा आणि मी मात्र टिकलो. तो माझ्याहून दहा-अकरा वर्षांनी मोठा. बुटका, रुंद, हातांवर वेल्डिंगच्या ठिणग्यांचे डाग आणि अंगाला कॉम्प्रेसरच्या तेलाचा वास, जो शुक्रवारी दोनदा साबण लावूनही जात नसे. कंपनीतला सगळ्यात जुना मेकॅनिक. कोल्ड रूमच्या दाराला नुसता कान लावून आत काय बिघडलंय ते सांगायचा.

सकाळी तोंडाला दाढीचा साबण लावून तो आरशासमोर उभा असायचा आणि फोन वाजायचा. एखादा सुपरमार्केटवाला हातघाईवर आलेला असायचा. जोकिमदादा त्याला अर्बाब, म्हणजे मालक, म्हणत शांतपणे सांगायचा, "अर्बाब, दोन मिनिटं. राउंडअबाउटवरच आहे." मग उरलेली दाढी, मग चहा, मग बसायला जागा मिळेल अशी टॅक्सी. पोचायला पाऊण तास. पण एकदा पोचला की काम पुरं झाल्याशिवाय उठायचा नाही, जेवायलासुद्धा नाही. त्यामुळे गिऱ्हाइकं शिव्या देत आणि परत त्यालाच बोलावत.

थापांना काही कारण लागायचं असंही नाही. वसईहून सुट्टीवरून येताना तो सुकेळी आणायचा. उन्हात वाळवून केळीच्या सोपात बांधलेली ती गोड केळी आम्ही चार दिवसांत संपवायचो. त्याच्या वाडीतलं केळ हातभर लांब असतं, असं त्यानं आमच्या पठाण ड्रायव्हरला सांगून ठेवलं होतं. पुढे त्या ड्रायव्हरनं वसईच्याच दुसऱ्या एका माणसाला विचारलं. त्यानं हसत वीतभर लांबी दाखवली. जोकिमदादाला जाब विचारल्यावर तो म्हणाला की त्या माणसाच्या वाडीला पाणी कमी.

ओमानात रविवार कामाचा दिवस, म्हणून त्याचा रविवार शुक्रवारी यायचा. पांढरा शर्ट घालून तो चर्चला जायचा. तिथे गाणाऱ्यांच्या मेळ्यात होता. मी एका नाताळला त्याच्याबरोबर गेलो होतो तेव्हा ऐकलं, त्याचा सूर कुठल्याच पट्टीत बसत नव्हता. पुढच्या वर्षी मेळा शिकवणाऱ्या बाईंनी त्याला मागच्या रांगेत, खांबाच्या पलीकडे उभा केला. घरी येऊन त्यानं आम्हाला सांगितलं की भारी आवाजाची माणसं मागे ठेवतात, नाहीतर पुढच्यांचं ऐकू येत नाही.

देवधर्माचं तो फारसं बोलायचा नाही. सकाळी बाथरूमसमोर नंबर लावून उभा असताना पुटपुटत प्रार्थना म्हणायचा आणि मध्येच आतल्या माणसाला "खलास कर रे लवकर" म्हणून पुन्हा तिथूनच पुढे सुरू करायचा. गळ्यात एक छोटा क्रूस होता. एकदा एका बंगल्यावर आम्ही दोघं पार्ट घेऊन गेलो. तिथल्या मालकाला तो क्रूस खुपला. घरात वडीलधारी माणसं आहेत, हे काढून ये, म्हणाला. ओमानात असं कधी ऐकायला मिळत नाही, मला राग आला. जोकिमदादानं क्रूस शर्टाच्या आत सरकवला, वरचं बटण लावलं आणि शिडी मागितली. बाहेर आल्यावर मी विषय काढला तर म्हणाला, "अरे, देवाला शर्टातून दिसतं."

हे मी मुद्दाम सांगतोय. पुढे जे झालं ते ऐकून लोकांना वाटतं की हा पहिल्यापासून हट्टी, कडवा माणूस असणार. तसा तो नव्हता. वाकायची वेळ आली की वाकायचा, आणि वाकताना हसायचा.

माझे वडील गेले तेव्हा जून महिना होता, कामाचा मोसम. एसी आणि कोल्ड रूम उन्हाळ्यातच बंद पडतात. मॅनेजरनं सुट्टी नाकारली. तुझे भाऊ आहेत ना तिकडे, ते बघतील, म्हणाला. मी स्टोअरमध्ये जाऊन बसलो. अर्ध्या तासानं मॅनेजर स्वतः आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पासपोर्ट हातात दिला. संध्याकाळच्या विमानाचं तिकीटही त्यानंच काढलं. मला काही कळेना. विमानतळावर सोडताना जोकिमदादा म्हणाला, "हे बघ, तुझे दोन्ही भाऊ सख्खे नाहीत, चुलत आहेत. तू एकटा मुलगा. परत आल्यावर कुणी विचारलं तर गोंधळू नको." वडिलांना अग्नी द्यायला मी पोचलो नाही, पण दहाव्याला नदीवर उभा होतो. आईनं मला बघितलं आणि तिला रडू फुटलं. तोवर ती रडली नव्हती, असं मोठी वहिनी म्हणाली. त्या मॅनेजरसाठी मी आजही एकुलता एक आहे.

त्यानंतरच्या वर्षी कंपनीला येमेनमधलं काम मिळालं. ओमानच्या दक्षिण टोकाला सलाला आहे, त्याच्या पुढे सरहद्द ओलांडून, किनाऱ्यावरच्या एका गावात मासे साठवायची कोल्ड रूम बांधायची होती. गावाचं नाव फादरांनी लिहू नका म्हणून सांगितलंय, तिथे अजून माणसं राहतात. जोकिमदादा सहा महिन्यांसाठी गेला आणि परत आला तो निराळंच बोलत आला. माशांबद्दल चकार शब्द नाही. गावाच्या टोकाला चर्चच्या सिस्टर लोकांचं एक घर होतं. ज्यांना कुणी नाही, किंवा असून नसल्यासारखे आहेत, अशी अकरा म्हातारी माणसं तिथे राहायची. सगळी तिथलीच, मुसलमान. तीन सिस्टर त्यांचं सगळं बघायच्या आणि स्वयंपाकाला आपल्या दापोलीकडचा इब्राहिम म्हणून एक जण होता. त्या घरातला औषधांचा फ्रीज दुरुस्त करायला जोकिमदादा एका दुपारी गेला आणि मग रोज जात राहिला. जनरेटर तर त्यानं सगळा खोलून पुन्हा बांधला. वीज तिथे चार तास यायची.

"त्यातला एक आंधळा आहे, सालिम," तो मला सांगायचा. "आंघोळ घालताना मला गाणं म्हणायला लावतो. म्हणतो, असा आवाज आख्ख्या येमेनात नाही."

ही थाप नव्हती, हे मला नंतर इब्राहिमकडून कळलं.

पुढच्या सुट्टीत तो वसईला न जाता तिकडेच गेला. आणि त्याच्या पुढच्या वर्षी नोकरी सोडून कायमचा गेला. घरी बायको होती, रेजिना. मुलगी कॉलेजात शिकत होती. त्यांना त्यानं सांगितलं की कंपनीनं सलालाला बदली केली आहे. फोनवर तो बायकोशी त्यांच्या कादोडी बोलीत बोलायचा, आम्हाला निम्मं कळायचं. पण "सलाला" हा शब्द कळायचा, आणि तो ऐकला की मी दुसरीकडे बघायचो.

युद्ध पेटलं त्या वर्षी रेजिनावहिनीनं मला फोन केला. टीव्हीवर येमेनच्या बातम्या होत्या, आपल्या लोकांना आणायला सरकारनं जहाजं पाठवल्याचं दाखवत होते. तिनं नकाशा बघितला होता. सलाला येमेनला इतकं जवळ दिसतंय, तिथे काही धोका नाही ना, असं विचारत होती.

"हे सलालालाच आहेत ना, भावोजी?"

मी म्हटलं, "हो वहिनी, तिथेच. तिकडे सगळं शांत आहे."

त्या एका वाक्याचं ओझं मला आजवर उतरवता आलेलं नाही. जोकिमदादाला सहज जमायचं ते मला जमत नव्हतं, तरी मी बोललो.

त्या वर्षाच्या शेवटी तो मस्कतला आला. जनरेटरचे फिल्टर, पट्टे, एक पंप हवा होता. दोन आठवडे माझ्याच खोलीवर राहिला. वाळला होता, मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. मी त्याला रोज एकच सांगत होतो, की आता वसईचं विमान पकड. सामान मी सलालापर्यंत पोचवतो, पुढे कुणीतरी नेईल. तो ऐकून घ्यायचा. एकदा मात्र जेवता जेवता थांबला.

"जनरेटर बंद पडला तर कोण चालू करणार? सिस्टर लोकांना हँडल फिरवता येत नाही, इब्राहिमचा खांदा निखळलेला. आणि रात्री पंखा थांबला की ती माणसं बोलत नाहीत रे, नुसती पडून राहतात घामात. मला ते दिसतं."

"आणि वहिनी?"

"पंधरा दिवसांत येतो परत," तो म्हणाला. ते पंधरा दिवस म्हणजे राउंडअबाउटवरची दोन मिनिटं, हे मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे त्यालाही.

तो गेल्यावर पहिले दोन महिने अधूनमधून मेसेज यायचे. मग थांबले. पुढची हकीकत मला इब्राहिमनं सांगितली. तो कसाबसा सरहद्द ओलांडून सलालाला आणि तिथून रुवीला आला. जोकिमदादानं माझा नंबर चिठ्ठीवर लिहून इब्राहिमच्या पाकिटात ठेवला होता. आम्ही हाय स्ट्रीटवरच्या चहाच्या दुकानात बसलो. त्यानं चहाचा पेला दोन्ही हातांत धरून ठेवला होता आणि तो शेवटपर्यंत प्यायला नाही.

गावात बाहेरची हत्यारबंद माणसं शिरली होती. गावच्या शेखनं आदल्या आठवड्यातच निरोप पाठवला की आता सिस्टर लोकांना इथे राखणं माझ्या हातात नाही, आणि स्वतःच्या गाडीत बसवून तिघींना बाहेर काढलं. जोकिमदादालाही चल म्हणाला. पण अकरांपैकी चौघांना नातेवाईक घेऊन गेले होते, सात जण उरले होते. त्यांची सोय लागेपर्यंत तो आणि इब्राहिम थांबले. दोघांनी ठरवलं होतं की कुणी आलंच तर जोकिमदादा हा दापोलीकडचाच यूसुफ, इथे नोकरीला आलेला. बोलायचं सगळं इब्राहिमनं, यानं फक्त मान हलवायची. जोकिमदादाला ते पटलं होतं. गावच्या नाटकात आपण कोतवालाचं काम केलं होतं, असंही त्यानं इब्राहिमला ऐकवलं. गळ्यातला क्रूस काढून पिठाच्या डब्यात ठेवला, तोही स्वतःच.

ते लोक सकाळी आले, न्याहारी झाल्या झाल्या. सहा जण. म्हातारी माणसं पडवीत बसली होती. त्यांच्या म्होरक्यानं इब्राहिमला नाव-गाव विचारलं, कुराणातल्या काही आयती म्हणायला लावल्या, त्यानं म्हटल्या. मग जोकिमदादाकडे बोट केलं. इब्राहिमनं ठरल्याप्रमाणे सांगितलं. म्होरक्याचं समाधान झालं नाही. तो जोकिमदादासमोर जाऊन उभा राहिला आणि त्यालाच विचारलं, तू मुसलमान आहेस?

जोकिमदादा काही बोलला नाही. इब्राहिमला वाटलं, घाबरलाय, आता मान हलवेल. म्होरक्यानं पुन्हा विचारलं.

"ला," जोकिमदादा म्हणाला. "अना मसीही."

नाही, मी ख्रिस्ती आहे. मोडकी अरबी त्याला येत होती, तेवढी पुरली. त्या माणसानं लगेच इब्राहिमची मानगूट पकडली, तू आमच्याशी खोटं बोललास म्हणून. तेव्हा जोकिमदादा मध्ये पडला आणि भराभर बोलायला लागला. या आचाऱ्याला काही माहीत नाही. मीच त्याला यूसुफ नाव सांगितलं, नोकरीला लागलो तेव्हापासून मी त्याला फसवतोय, तो मला खरंच मुसलमान समजतो.

"मी त्याच्याबरोबर तीन वर्षं एका ताटात जेवलोय," इब्राहिम मला म्हणाला. "आणि तो माझ्याकडे बोट दाखवून हसला बघ. असा हसला, की हा कसा फसला. त्या लोकांनाही पटलं."

त्यांनी इब्राहिमला सोडलं आणि जोकिमदादाला जनरेटरच्या खोलीमागे नेलं. इब्राहिमनं आवाज ऐकला. आंधळा सालिम पडवीतून पुन्हा पुन्हा विचारत होता, कुणाला नेलं, कुणाला नेलं. शेखच्या माणसांनी दुपारी येऊन जोकिमदादाला पुरलं, आणि दगड रचून जागा नीट केली. पुढच्या आठ दिवसांत गावकऱ्यांनी सातही म्हातारी माणसं आपापल्या घरी नेली. सालिमला शेखनं स्वतः नेलं. मग इब्राहिम निघाला.

मी त्याला विचारलं की नुसती मान हलवायची होती, तेवढी का नाही हलवली? इब्राहिमला वाटत होतं की जोकिम स्वतःसाठी कधी खोटं बोललाच नाही. मला ते पटेना. दाढीचा साबण लावून तो बोलायचा ते कुणासाठी होतं? मग इब्राहिम म्हणाला, सालिम समोर ऐकत बसला होता, त्याच्यासमोर याला यूसुफ होता आलं नसेल. मला माहीत नाही. क्रूस पिठात लपवणारा माणूसही तोच होता. त्या दोन प्रश्नांच्या मध्ये त्याच्या मनात काय झालं ते त्याचं त्याला ठाऊक.

रेजिनावहिनीला सांगायला मी स्वतः वसईला गेलो. फोनवर सांगणं शक्य नव्हतं. विहिरीजवळच्या ओट्यावर ती मोगऱ्याच्या कळ्या निवडत होती. मी सगळं सांगितलं, फोनवर मी काय बोललो होतो तेही. ती ऐकत होती तोवर हात चालू होते. माझं बोलणं संपल्यावर ती उठली, टोपली आत नेली आणि दार लावून घेतलं. मी ओट्यावर तासभर बसलो. मग मुलगी मागच्या दारानं आली आणि हळूच म्हणाली, "अंकल, तुम्ही जा."

दोन वर्षं ती माझ्याशी बोलली नाही. फादरांनी मला लिहायला सांगितल्यावर मी धीर करून फोन लावला. तिच्याकडेही चर्चची माणसं येऊन गेली होती. गावात त्याचा फोटो लावला होता, लोक त्याच्यापुढे मेणबत्त्या लावत होते. मी विचारलं, वहिनी, मी काय लिहू?

"आधी लिहा की बायकोशी खोटं बोलून गेला," ती म्हणाली. मग पुढे म्हणाली, "जन्मभर थापा मारल्या. आणि खरं बोलायला वेळ कुठली काढली बघा."

ती रडत होती की हसत होती, मला सांगता येणार नाही. फोन ठेवण्याआधी तिनं विचारलं, यंदा येताय का सुट्टीवर, आलात तर घरी या. वहिनीचं हे बोलणं त्या दीड पानात मी तसंच लिहिलं. फादरांनी वाचलं आणि काही न खोडता पाकिटात घातलं.

मी त्याला शेवटचं पाहिलं ते रुवीच्या बस स्टँडवर. फिल्टर आणि पट्टे भरलेलं खोकं सलालाच्या बसच्या पोटात चढवून दिलं. सकाळचं ऊन होतं, थंडीच्या दिवसांतलं, सुखाचं. तो वर चढला आणि खिडकीपाशी बसला. शेजारच्या सीटवर एक ओमानी म्हातारा होता, काठी घेऊन आलेला. बस सुरू झाली तशी मी खिडकीच्या समोर जाऊन उभा राहिलो. त्याच वेळी म्हाताऱ्याची एक चप्पल सीटखाली सरकली असावी, कारण तो खाली बघत पाय चाचपायला लागला, आणि जोकिमदादा त्याला हातानं थांबवून स्वतः वाकला. मी हात वर केला होता. बस वळून मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत मला त्याची पाठ दिसत होती, सीटखाली काहीतरी शोधत असलेली.